काचेची जात

दुकानाची काच दोन जातींची असते.
एक फुटली की खडीसाखर होते,
बोटांना फारशी लागत नाही.
दुसरीचे सुरे होतात.
हेमिनच्या सलूनची दुसऱ्या जातीची निघाली.
अठरा वर्षं मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत
चंबू आणि नळ्या मोजून देतो, मोजून घेतो;
तुकड्यावरून सांगतो, आधी काय होतं.

शनिवारी दुपारी ते स्प्रिंग बँकवरून गेले.
आधी सलून, मग पोलिश किराणा,
मग आश्रय मागणाऱ्यांना ठेवलंय त्या हॉटेलच्या दारात
पेटवलेला कचऱ्याचा डबा.
हलमध्ये टेलिफोनची खोकी लाल नसतात, सायीच्या रंगाची असतात.
अशा एका खोक्यात एक मुलगा लपला होता,
सगळीकडून काच असलेल्या जागेत.

रविवारी विद्यापीठाचा ईमेल:
आम्हाला तीव्र दुःख, समुपदेशनाचा नंबर,
शहराच्या मध्यभागी जाणं टाळा.
मध्यभागी राहणाऱ्यांनी काय टाळावं
ते लिहिलं नव्हतं.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणालं,
त्यांचा राग होड्यांतून येणाऱ्यांवर आहे,
आपण व्हिसावर आलोय.
खाली सात अंगठे.
आठवा माझा नव्हता, एवढंच.

सोमवारी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर
भूगोलाच्या ग्लेनिसबाईंनी भाषण सुरू केलं आणि मध्येच सोडलं.
म्हणाल्या, झाडू किती जणांकडे आहे?
चार निघाले.
मग वसतिगृहातून आले, कँटीनमधून आले,
नाट्यशास्त्राच्या पोरांनी चेटकिणीचा आणला,
तोही चालला.

मी प्रयोगशाळेतले जाड हातमोजे नेले, वहीत सही न करता.
हेमिन खुर्ची पुसत होता.
बसा, म्हणाला, केस वाढलेत तुमचे.
खिडकी नसलेल्या खिडकीतून हंबरचा वारा आत,
कापलेले केस जमिनीवर पडायच्या आधीच रस्त्यावर.
त्याने पैसे घेतले. पूर्ण घेतले.
बरं वाटलं.

पहाटे सफाईला येणाऱ्या बायकांना सोबत करायची
यादी लागली शिपायांच्या खोलीबाहेर.
माझा वार गुरुवार, माझ्या वाट्याला सेनाइत.
एरिट्रियाची. सहा वर्षं माझीच फरशी पुसते;
मला माहीत होती ती फक्त
सकाळी वाळत आलेली फरशी.

ती राहते त्या गल्लीचं नाव हिरव्या आल्याचा मुलूख,
खरंच, इंग्रजीत तसंच आहे, का ते कुणालाच ठाऊक नाही.
मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत
चहात टाकतात ते आलं,
आणि दारात कुणी आलं, तेही आलं.
ती हसली. मग विचारलं,
तुमच्याकडे होतं का असं?

जिभेवर 'नाही' तयार होतं.

नाशिक. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष.
खालच्या चौकात पाणीपुरीची गाडी उलटी केली.
परप्रांतीय हा शब्द तेव्हा
घोषणेत किती नीट बसायचा.
गाडीवाला पुऱ्यांची काचेची पेटी
उराशी धरून पळाला, मागे पुऱ्या सांडत.
चार वर्षं त्याच्याकडे खाल्लं,
नाव विचारलं नव्हतं.
मी गॅलरीत उभा. हातात चहा.
तो मी संपवला.

हो, म्हणालो. होतं.
कोण करतं?
आमच्यातलेच.
आणि तुम्ही?

दारापाशी पोचलो होतो. तिने कार्ड लावलं,
दार पायाने अडवून उभी राहिली, उत्तरासाठी.
मी सांगितलं. गॅलरीचं, आणि चहाचंसुद्धा.
आत एकेक दिवा आपोआप लागत गेला.

पुढच्या गुरुवारी, ती म्हणाली,
दहा मिनिटं आधी या.
आज उशीर झाला.